लाल डोळ्यांना बाय-बाय!

ऑफिस सुटल्यावर अर्धा तास पोहलात, की घरी परतताना डोळे लालभडक. मग लिफ्टमध्ये भेटणारा विचारणारच, 'काय रे, पार्टी का?' शिव्या खातं बिचारं क्लोरीन. खरा व्हिलन वेगळाच. आपला घाम (आणि हो, काहींचा टॉयलेटला जायचा आळस!) क्लोरीनला भेटला, की क्लोरामाइन्स तयार होतात. तो उग्र वास आणि ती चुरचुर त्यांचीच.

इथे एन्ट्री ओझोनची. मशीन तो जागेवरच ऑक्सिजनपासून बनवतं. पाण्यात मिसळून तो जंतू मारतो आणि उरलेला ओझोन पुन्हा ऑक्सिजन होतो. क्लोरीन कमी लागतं, म्हणून इको-फ्रेंडली.

पण 'आमचा पूल शंभर टक्के क्लोरीन-फ्री' असं कुणी म्हणालं, तर सावध! ओझोन पाण्यात फार काळ टिकत नाही. शेजारच्याने आणलेले जंतू पूलमध्येच मारायला थोडं क्लोरीन हवंच. शिवाय ओझोन श्वासात जाणं वाईट, म्हणून पाणी पूलमध्ये परतण्याआधी तो काढून टाकायला हवा.

तेव्हा मेंबरशिपचे पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा : क्लोरीन किती ठेवता? उरलेला ओझोन कुठे काढता?

आणि उडी मारण्याआधी शॉवर घ्या, राव. त्याला कुठलं मशीन लागत नाही!