नोटीस निघते, इमारत उभीच राहते

26 ऑगस्ट 2025 च्या मध्यरात्री विरार पूर्वेतील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा एक भाग कोसळला आणि 17 जणांना प्राणास मुकावे लागले. त्याच रात्री तेथील एका घरात लहानग्या मुलीचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. त्यापूर्वी काही महिने, म्हणजे नोव्हेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025 या काळात, नालासोपारा पूर्वेतील अग्रवालनगरीतील 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाडण्यात आल्या. सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमी यांसाठी आरक्षित असलेल्या जागेवर त्या उभ्या होत्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. एका ठिकाणी इमारत आपोआप पडली, दुसऱ्या ठिकाणी ती पाडावी लागली. परंतु आमच्या मते दोन्ही दुःखांचे मूळ एकच आहे. पाया खणला जात होता तेव्हा तो थांबविणे ज्यांचे कर्तव्य होते, त्यांनी ते बजावले नाही.

कायदा अपुरा आहे म्हणून असे घडते काय? तसे म्हणता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 पासून आपल्या राज्यात आहे. त्याच्या कलम 54 अन्वये चालू काम थांबविता येते, कलम 53 अन्वये विनापरवाना बांधकाम काढून टाकण्याची नोटीस बजावता येते, आणि कलम 52 अन्वये बांधकाम करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दंडाची रक्कम मात्र दोन ते पाच हजार रुपये इतकीच. एका सदनिकेच्या किमतीपुढे ती किती क्षुल्लक आहे, हे सांगावयास नको. तरीही अधिकार आहेत. ते वेळेवर वापरले जात नाहीत, हीच नागरिकांची खरी तक्रार आहे.

तक्रारदाराचा अनुभव बहुधा असा असतो. तो प्रभाग कार्यालयात अर्ज देतो, पोच घेतो. काही आठवड्यांनी पाहणी होते, पंचनामा होतो, भिंतीवर नोटीस चिकटविली जाते. तोवर दुसरा मजला चढलेला असतो. पुढे विकासक दिवाणी न्यायालयातून ‘जैसे थे’चा आदेश मिळवितो. तो न मिळाल्यास पोलीस बंदोबस्त उपलब्ध नसल्याचे कारण पुढे येते. कधी हातोडा पडतोच; परंतु स्लॅबला दोन-चार भोके पाडून, छायाचित्रे काढून पथक परतते आणि महिन्याभरात ती भोके बुजविली जातात. कागदोपत्री कारवाई पूर्ण झालेली असते. दरम्यान तक्रारदाराचे नाव विकासकापर्यंत पोहोचलेले असते, आणि शेजारीपाजारी त्यालाच दोष देऊ लागतात.

याहून घातक प्रकार करवसुलीचा आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम 267अ नुसार अनधिकृत इमारतीवर नेहमीच्या घरपट्टीखेरीज तिच्या दुप्पट शास्ती आकारता येते. असा कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. परंतु सामान्य खरेदीदारास हे कोण समजावून सांगतो? घरपट्टीची पावती, विजेचे मीटर आणि नोंदणीकृत करारनामा पाहून तो निश्चिंत होतो. एक शासकीय खाते इमारत बेकायदा म्हणते आणि दुसरे तिच्याकडून नियमित पैसे घेते. याला काय म्हणावे?

राज्यकर्त्यांनीही कधी ठाम भूमिका घेतलेली नाही. 2017 साली कलम 52अ आणून 31 डिसेंबर 2015 पर्यंतची काही अनधिकृत बांधकामे नियमित करण्याची वाट खुली करण्यात आली. राहणाऱ्यांविषयीची सहानुभूती आम्ही समजू शकतो. परंतु प्रत्येक अशा सवलतीतून बांधणाऱ्याला एकच संदेश मिळतो: आधी बांधा, मग बघू. त्यातच वसई-विरार महापालिकेत जून 2020 पासून पाच वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त नगरसेवक नव्हते. सभागृहात प्रश्न विचारण्याची जागाच बंद होती.

सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली दिलेले दोन निकाल एकत्र वाचावेत, असे आम्हांस वाटते. 13 नोव्हेंबरच्या निकालाने पंधरा दिवसांची नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून घरे पाडण्यास मनाई केली. सार्वजनिक जागेवरील बांधकामे आणि न्यायालयीन आदेश असलेली प्रकरणे त्यातून वगळली. 17 डिसेंबरच्या निकालाने भोगवटा प्रमाणपत्राखेरीज वीज-पाणी देऊ नये, बँकांनी ते तपासूनच कर्ज द्यावे, आणि दोषी अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाई व्हावी, असे बजावले. दोन्हींचा अर्थ परस्परविरोधी नाही. कठोरपणा आरंभी दाखवावा, तोही बांधणाऱ्याला व डोळेझाक करणाऱ्याला. शेवटी राहणाऱ्याला नव्हे.

आता थोडे आपल्याविषयी. हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली आपल्या धर्मग्रामांतील माणसे रस्त्यावर उतरली, याचा आपण अभिमान बाळगतो. परंतु वाड्यांतील बावखले कोणी बुजविली? ओढ्यांच्या कडेचे भराव कोणाच्या जमिनीवर पडले? जुलै 2018 मध्ये वसई दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली, तेव्हा आपण केवळ महापालिकेकडे बोट दाखविले. जमीन विकताना पुढे तेथे काय होणार हे न विचारणारे, आणि आपल्याच घरावर विनापरवाना मजला चढविणारे आपल्यातही आहेत. माहितीच्या अधिकाराचा वापर करून विकासकांकडून खंडणी उकळल्याचे गुन्हेही वसईत नोंदले गेले. त्यामुळे प्रामाणिक तक्रारदाराकडेही संशयाने पाहिले जाते, ही मोठी हानी आहे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. घर घेण्यापूर्वी सातबारा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि महारेरा नोंदणी पाहा. विकासकाने दिलेल्या प्रतीवर न थांबता नगररचना कार्यालयातून खातरजमा करा, कारण कल्याण-डोंबिवलीत 65 इमारती बनावट परवानग्यांवर उभ्या राहिल्या होत्या. तक्रार करावयाची असल्यास ती पाया खणतानाच, लेखी, शक्यतो अनेकांच्या सह्यांनी करा आणि नोटिशीनंतर काय झाले ते माहितीच्या अधिकारात विचारा. महापालिकेने प्रत्येक नोटिशीची तारीख, पुढील कारवाई व जबाबदार अधिकाऱ्याचे पद सर्वांना दिसेल असे प्रसिद्ध करावे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, इच्छा हवी. विरारच्या त्या ढिगाऱ्याखाली 17 माणसे गेली. पुढची नोटीस भिंतीवर चिकटेल तेव्हा तिच्या मागे काय उभे राहते आहे, हे पाहण्याचे काम अधिकाऱ्यांचे आहे, तसेच आपलेही आहे.