यंत्राची मुकी चूक

यंत्र अडले की माणूस चिडतो आणि यंत्राने उत्तर दिले की माणसाचा त्यावर विश्वास बसतो. आमच्या मते हे अगदी उलट असावयास हवे.

गेल्या पावसाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी संगणक घेऊन घरी आला. त्याच्या विहिरीचे पाणी सिमेंटच्या टाकीत साठते. ते पाणी टाकीतील चुना खाते की उलट तीवर चुन्याचा थर चढविते, हे वडिलांस हवे होते. टाकीला नवा गिलावा करावयाचा होता. त्यासाठी त्याने 'फ्रीक-सी' हा प्रोग्रॅम घेतला होता. पाण्यात विरघळलेले क्षार एकमेकांशी कसे वागतील याचे गणित तो करतो. १९८० साली त्याचा पूर्वज निघाला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील डेव्हिड पार्कहर्स्ट व नेदरलंड्सचे टोनी अ‍ॅपेलो यांनी पुढे तो वाढविला, आणि २०१३ साली त्याची तिसरी आवृत्ती आली. तो विनामूल्य मिळतो.

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. तरीही चूक आम्हांस सापडली, कारण ती रसायनाची नव्हती, भाषेची होती.

प्रयोगशाळेच्या कागदावर कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम १२, सोडियम २३, क्लोराइड ७१, क्षारता १२२ असे आकडे होते. सारे एका लिटरातील मिलिग्रॅम. पीएच ७.२. मुलाने आकडे बिनचूक उतरविले, एकक मात्र लिहिले नाही. एकक न सांगितल्यास हा प्रोग्रॅम आकडा मिलिमोलमध्ये धरतो. कॅल्शियमचे ४० मिलिग्रॅम म्हणजे केवळ १ मिलिमोल. तेव्हा विहिरीत चाळीसपट कॅल्शियम अवतरले! घरी कोकणी बोलणाऱ्या आम्हांस याचे नवल नाही. कोकणीत घरोघरी उदक पितात. मराठीत एखाद्या गोष्टीवर उदक सोडतात. शब्द एकच, पण भाषा कोणती ते आधी सांगावे लागते.

एवढे होऊनही प्रोग्रॅम थांबला नाही. पाणी चुन्याने ओसंडत आहे, थर चढणार, असे उत्तर त्याने दिले. केवळ तळाशी एक ओळ होती : विद्युत्भाराचा मेळ वीस टक्क्यांहून अधिक चुकला आहे. हाती हिशेब केला तर धनभार १२७ व ऋणभार १९३. पाण्यात हे दोन्ही समान असावे लागतात.

मुलाने ही ओळ पाहिली होती. त्यावर त्याने जो उपाय केला, त्याचेच आम्हांस अधिक भय वाटते. सोडियमपुढे 'चार्ज' हा शब्द लिहिला की प्रोग्रॅम तूट सोडियमने भरून काढतो. चूक शून्य झाली, मुलगा हर्षला. परंतु त्या शब्दाने लिटरमागे सुमारे दीड ग्रॅम सोडियम विहिरीत ओतले होते, जे तेथे कधीच नव्हते. वहीतील जमाखर्च जुळविण्यासाठी खोटी रक्कम मांडणाऱ्या कारकुनास आपण काय म्हणतो?

आर्सेनिक लिहिले आणि निवडलेल्या कोष्टकात ते नसले, तरीही हा प्रोग्रॅम थांबत नाही; केवळ एक इशारा देऊन आर्सेनिकचे प्रमाण शून्य धरतो आणि पुढे जातो. यंत्र स्पष्ट सांगून थांबले, तर विद्यार्थी त्यास 'बिघाड' म्हणतात. आम्ही त्यास प्रामाणिकपणा म्हणतो. तापमान विसरलात तर तो मुकाट्याने २५ अंश धरील, पीएच विसरलात तर ७. मिठागरातील खाऱ्या पाण्यास नेहमीचे कोष्टक लावले, तरी आकडा देईलच. तेथे पिट्झरचे कोष्टक लागते, हे माणसाने जाणावे.

एकक लिहिले आणि 'चार्ज' काढून टाकले, तेव्हा उत्तर फिरले. धनभार ३.९८, ऋणभार ४.०० आणि चुन्याचा संपृक्तता निर्देशांक सुमारे उणे अर्धा. म्हणजे थर चढणे दूरच, पाणी टाकीचा चुना खाणारे निघाले. पहिल्या उत्तरावर विसंबून वडील गिलाव्याचा बेत सोडून देणार होते.

एक शंका मात्र उरली. क्षारतेचे १२२ हे बायकार्बोनेटच्या रूपात की कॅल्शियम कार्बोनेटच्या, ते कागदावर नव्हते. पहिले धरले तर मेळ बसतो. दुसरे धरले तर सुमारे पाच टक्के चुकतो. तेव्हा पहिलेच असावे, असे मुलगा म्हणाला. 'असावे' हा शब्द आम्हांस रुचला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो कागद घेऊन प्रयोगशाळेत विचारावयास गेला.