दानशूर शेठ आणि सभेत बोललेल्या दोघी

थोरांची चरित्रं वाचताना बायकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: या थोरपणासाठी कोण राबलं?

मुंबईचे सर दिनशा माणेकजी पेटिट (१८२३–१९०१) यांचंच बघा. वडील गिरणीमालक. दिनशांनी धंदा वाढवला, एकामागून एक गिरण्या उभ्या केल्या. १८८६ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले, १८८७ मध्ये ‘सर’ झाले, १८९० मध्ये बॅरोनेट हा पिढीजात किताब मिळाला. दानधर्मही मोठा. परळच्या जनावरांच्या दवाखान्याला त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं, नाव आहे.

हे दान खोटं नव्हतं. पण त्याच शहरात गिरणीतली बाई दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उभी होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं लहान मुलांच्या कामावर नऊ तासांची मर्यादा घातली. बायकांच्या तासांबद्दल एक अक्षर नव्हतं. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी मागितली. मालकांनी दाद दिली नाही.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघानं सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली. शेठजींचे किताब सालवार पाठ होतात. त्या दोघींची नावं आपल्यापैकी कितीजणींना सांगता येतील?

मैत्रिणींनो, ही गोष्ट मुंबईची म्हणून सोडून देऊ नका. गिरणीला लागणारा कापूस आपल्या परभणीसारख्या काळ्या रानात पिकतो आणि तो वेचतात बायकाच. वेचणीचे पैसे किलोवर. जेवढं वेचलं तेवढं मिळालं. ताप आला, पाळी आली, बाजाराला जावं लागलं, की तेवढा रोज बुडाला. बोटं बोंडांनी फाटतात, पण हजेरीला ना कागद, ना सही.

कुणी मालक आजारपणात शंभर रुपये हातावर ठेवतो, दिवाळीला लुगडं देतो. घ्यावं. पण त्यामुळे किलोचा भाव विचारायचा राहून जाऊ नये. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, हक्काचं तसं नसतं. येत्या वेचणीआधी गावातल्या बायकांनी एकत्र बसून भाव ठरवावा, आणि कोण काय बोललं ते नावानिशी वहीत लिहून ठेवावं.