गाण्यात गावाचं नाव सांगणाऱ्यांसाठी

गाण्यात गावाचं नाव होतं, म्हणून माणूस सापडला. गोष्ट १९६३ सालची आहे. अमेरिकेत टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाच्या कानावर मिसिसिपी जॉन हर्ट या गायकाचं १९२८ मधलं ध्वनिमुद्रण पडलं. त्यात हर्टनं ॲव्हलॉन हे आपलं गाव असल्याचं गायलं होतं. हॉस्किन्सनं जुन्या नकाशात ते गाव हुडकलं आणि थेट तिथं जाऊन थडकला. गायक जिवंत होता. पस्तीस वर्षं जगाला पत्ता नसलेला हर्ट त्याच परिसरात शेतात राबत होता, गुरं राखत होता. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याची गाणी मुद्रित झाली. १९६६ मध्ये तो गेला. तोवर त्याची गाणी एका नव्या पिढीच्या गळ्यात उतरली होती.

हर्ट गायचा त्या गाण्याला कंट्री ब्लूज म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं हे गाणं. बहुतेक वेळा एक गळा आणि एक गिटार, एवढाच सरंजाम. हर्टचा अंगठा जाड तारांवर ठेका धरायचा आणि उरलेली बोटं बारीक तारांवर चाल वाजवायची. २००१ मध्ये पीटर केस या संगीतकारानं त्याच्या स्मरणार्थ एक अल्बम काढला. ल्युसिंडा विल्यम्स, बेक, ताजमहाल, स्टीव्ह अर्ल अशा नावाजलेल्या कलावंतांनी त्यात हर्टची गाणी आपापल्या ढंगात गायली. शेतमजुराला वाहिलेली ही आदरांजली होती, आणि ती वाहता आली कारण मूळ आवाज जपलेला होता.

आपल्याकडे पूर्व विदर्भात, वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, असे गायक पिढ्यान्‌पिढ्या गात आले आहेत. धान कापून झालं, दिवाळी सरली की इथल्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावजत्रा भरते, दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार रंगतात. डफ, तुणतुणं, ढोलकी आणि टाळ यांच्या साथीनं शाहीर उभ्यानं गातो, नाच्या फेर धरतो, सवाल-जवाब होतात. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाया गाण्याच्या लयीवर धान लावतात. पलीकडे भामरागड-एटापल्लीच्या रानात माडिया गोंडांचा रेला ढोलावर रात्रभर चालतो. आणि शाहिरी परंपरेत शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो, कधी गुरूचं आणि गावाचंही. हर्टच्या गाण्यात होता तसा पत्ता इथल्या गाण्यांतही आहे. तो ऐकून त्या गावी जाणारा माणूस हवा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या बाबतीत हा पत्ता हरवला नाही. त्यांच्या भजनांत त्यांची नाममुद्रा आहे, हातात खंजिरी आहे आणि आवाज मुद्रित झालेला आहे. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, पण चिमूरच्या रानाशी त्यांचं नातं फार जुनं. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी चिमूर पेटलं, तेव्हा त्या उठावामागे त्यांच्या भजनांनी चेतवलेली माणसं होती. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. १९६८ मध्ये महाराज गेले, तरी गावोगावची भजनी मंडळं आजही खंजिरीवर त्यांची पदं गातात. सप्तखंजेरीवादक सत्यपाल महाराजांनी त्याच वाद्यावर समाजप्रबोधनाचं व्रत पुढे चालवलं. पुढच्या पिढीनं गाणं उचलावं यासाठी काय लागतं, हे इथं स्पष्ट दिसतं. शब्द छापलेले हवेत, आवाज जपलेला हवा आणि रोज गाणारी माणसं हवीत.

खडी गंमतीच्या शाहिराला यातलं शेवटचं तेवढं मिळालं, तेही आता विरळ होत चाललं आहे.

झाडीपट्टीकडे कुणी पाहिलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि इथल्या लोककलांच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. गुरनोलीचे झाडीपट्टी रंगभूमीवरचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुरखेडा तालुक्यापासून देसाईगंज-वडसापर्यंतच्या प्रत्येक कलावंताची मान उंचावली. वडशाच्या नाटक कंपन्या हंगामभर गावोगाव रात्री जागवतात. पण दंडारीवरचा लेख वाचून चाल कळत नाही. पुरस्कारानं माणसाचा गौरव होतो, त्याच्या गळ्यातली हरकत मात्र त्याच्यासोबतच जाते. सत्तरी ओलांडलेल्या शाहिराच्या तोंडी असलेलं आख्यान दुसऱ्या कुणाकडे नसेल, तर त्याच्या मरणानं एक अख्खा ग्रंथ जातो.

ही कला जिवंत आहे, मग ती डबाबंद कशाला करायची, असा आक्षेप कुणी घेईल. त्याला महाराष्ट्रातच उत्तर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या अनेक ओव्या मुद्रित केल्या. घरोघरची जाती थांबली, गिरण्या आल्या, ओव्या मात्र राहिल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गाणारीच्या नावागावासह ऐकता येतात. रोवण्याच्या गाण्यांवर हीच वेळ येऊ घातली आहे. बांधीत रोवणी यंत्र उतरलं की वाकून एका लयीत गाण्याचा प्रसंगच उरत नाही.

पैशाचं काय, हा प्रश्नही रास्त आहे. त्याचं उत्तर आणखी एका आदरांजलीत सापडतं. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांसोबत अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सनचं गाणं आहे. घर जळाल्यावर त्याच पडक्या घरात राहिलेला हा अंध गायक १९४५ मध्ये हलाखीत गेला. २०१६ मध्ये त्याच्या गाण्यांचा आदरांजलीपर अल्बम निघाला, तो रसिकांच्या वर्गणीच्या बळावर. झाडीपट्टीला वर्गणी शिकवावी लागत नाही. गावचं मंडळ कंपनी ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं आणि हजारोंना रात्रभर बसवतं. वर्षात एका प्रयोगाची कमाई या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी लावणं या गावांना अशक्य नाही.

गडचिरोलीत २०११ मध्ये स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी आहे. ध्वनिसंग्रह तिथं असावा. ध्वनिमुद्रण मात्र शाहिराच्या अंगणात, मंडईच्या गर्दीत आणि धानाच्या बांधीवर व्हावं. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत ती हवा उतरत नाही. प्रत्येक गाण्यापुढे गाणाऱ्याचं नाव, गाव, गुरू आणि चाल कुणाकडून आली याची नोंद हवी. रेला हे अख्ख्या गावाचं गाणं, तेव्हा त्याची परवानगी गावाकडून घ्यावी आणि श्रेयही गावालाच द्यावं. मानधनाची बोली आधीच व्हावी. स्किप जेम्स या ब्लूज गायकाचं एक गाणं १९६६ मध्ये क्रीम या इंग्रज बँडनं गायलं आणि त्याचं श्रेय जेम्सलाच दिलं. त्या रॉयल्टीनं म्हाताऱ्याच्या आजारपणाला हात दिला. झाडीतल्या कलावंताच्या घरीही असा पैसा पोचला पाहिजे.

मग खरी आदरांजली. वडशाच्या कंपन्यांत आज गळ्यात दम असलेले गायक आहेत, ऑर्गन-तबल्यावर आणि ऑक्टोपॅडवर सराईत हात आहेत. त्यांनी एका वयोवृद्ध शाहिराची दहा-बारा गाणी निवडावीत आणि आपल्या ढंगात गावीत. ढंग बदलला तर बदलू द्यावा. हर्टची गाणीही त्या अल्बममध्ये प्रत्येकानं आपापल्या ढंगातच गायली. अल्बममध्ये नव्या गाण्याशेजारी शाहिराचा मूळ आवाजही असावा.

दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून मंडयांना सुरुवात होईल. विद्यापीठाचे विद्यार्थी तेव्हा सुट्टीत आपापल्या गावी असतील, आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी दंडारीत उभा राहिलेला एखादा आजा असेल. पहिलं ध्वनिमुद्रण त्याच्यापासून सुरू करता येईल.