झिर्कोनियमचें कवच आणि अर्धें ज्ञान

गंज हा धातूचा शत्रु होय, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. आणि पावसाळ्यांत विळीस किंवा कोयत्यास चढणारा तांबडा गंज पाहिला म्हणजे ती खरीहि वाटते. लोखंडावरील गंजाचे पापुद्रे सुटतात, खालचा भाग पुन्हा उघडा पडतो, व झीज चालूच राहते. परंतु प्रत्येक धातूचा गंज असा घरभेदी नसतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर हवेंतील प्राणवायूच्या संयोगानें बसलेला अदृश्य थरच त्या पातेल्याचें रक्षण करितो. झिर्कोनियम हा धातु ह्याच जातीचा असून, त्याच्या गंजण्यांत विद्यार्थ्यांनीं व पालकांनींहि ध्यानांत घेण्याजोगा एक बोध आहे, असें आम्हांस वाटतें.

सिलोनांतील एका रत्नाचें पृथक्करण करितांना क्लाप्रोथ ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास १७८९ सालीं ह्या मूलद्रव्याचा शोध लागला. न्यूट्रॉन फारसे शोषून न घेण्याचा त्याचा गुण अणुभट्टीस फार उपयोगी पडतो. म्हणून युरेनियमच्या इंधनाच्या गोळ्या त्याच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरितात. आपल्या महाराष्ट्रांत तारापूर येथें १९६९ सालीं सुरू झालेल्या केंद्रांतहि इंधनासाठीं हेंच कवच योजण्यांत आलें. नळीची भिंत एक मिलिमीटरहूनहि पातळ, आणि भोंवतीं सुमारें ३०० अंश सेल्सिअस तापलेलें पाणी! तरीहि ती वर्षानुवर्षें टिकते. कारण पाण्यांतील प्राणवायूशीं संयोग होऊन तिच्यावर ऑक्साइडचा काळा, घट्ट थर बसतो, व तो आणखी प्राणवायूस सहजासहजीं आंत शिरूं देत नाहीं. ‘झिर्कोनियम गंजत नाहीं’ हें वाक्य म्हणूनच चुकीचें होय. तो गंजतो, आणि गंजतो म्हणूनच टिकतो.

परंतु हेंहि सत्य अर्धेंच. भट्टी बंद केली तरी इंधनांतील उष्णता लगेच शमत नाहीं. पाणी ओसरून नळ्या उघड्या पडल्या आणि तापमान १२०० अंशांच्या पलीकडे गेलें, म्हणजे तोच धातु वाफेंतील प्राणवायु झपाट्यानें ओढून घेतो, हायड्रोजन मोकळा होतो, आणि ह्या क्रियेंतून निघणारी उष्णता आगींत तेल ओतते. अमेरिकेंत थ्री माइल आयलंड येथें २८ मार्च १९७९ रोजीं असाच हायड्रोजन निर्माण होऊन पेटला. जपानांत फुकुशिमा येथें ११ मार्च २०११ च्या भूकंपानें व त्सुनामीनें वीज खंडित होऊन इंधन थंड ठेवणें अशक्य झालें. पुढें १२ व १४ मार्च रोजीं हायड्रोजनच्या स्फोटांनीं इमारतींचे माथे उडाले.

आतां ह्या धातूस रक्षक म्हणावें कीं घातकी? आमच्या मतें हा प्रश्नच अपुरा आहे. ‘किती उष्णतेपर्यंत? कोणत्या स्थितींत?’ असें विचारिल्यावांचून कोणत्याहि पदार्थाचा गुण सांगतां येत नाहीं. अमेरिकेच्या नियमांत ह्या कवचासाठीं १२०४ अंशांची मर्यादा घालून दिली आहे, ती ह्याच विचारानें. फुकुशिमानंतर नळ्यांवर क्रोमियमचा लेप देण्याचे प्रयोग चालू आहेत, त्यांचाहि हेतु संकटकाळीं थोडा अधिक अवधि मिळावा हाच आहे.

आमच्या शाळांतून मात्र गुणधर्म पाठ करविले जातात आणि त्यांच्या मर्यादा वगळल्या जातात. मग हींच मुलें मोठीं झालीं म्हणजे अणुशक्तीविषयीं कोणी ‘मुळींच भय नाहीं’ म्हणतो, कोणी ‘सर्वनाश होणार’ म्हणतो. आणि पाणी थांबलें तर काय, हें विचारावयाचें दोघांच्याहि मनांत येत नाहीं. ज्या प्रांतांत अशीं केंद्रें आहेत, तेथील नागरिकांस हें अज्ञान परवडणारें नाहीं. यास्तव पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलानें एकादा गुणधर्म धडाधड म्हणून दाखविला, तर शाबासकी देण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें: ‘बाळ, हें कोठपर्यंत खरें?’