टाकी भरल्यावर पाणी कोण बंद करणार?

मंडळी, १९६४ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हिवाळी ऑलिंपिक झालं. त्यात १५ किलोमीटरच्या स्कीइंगच्या शर्यतीत फिनलंडचा एरो मँटिरांटा पहिला आला. पहिला कुणीतरी येतोच. पण हा गडी दुसऱ्यापेक्षा तब्बल ४० सेकंद आधी पोचला. ३० किलोमीटरचं सुवर्णपदकही त्यानंच नेलं. माणूस पेशानं सीमेवरचा पहारेकरी, राहणारा पार उत्तरेकडच्या लॅपलँडचा. रक्तात तांबड्या पेशी भलत्याच जास्त. त्यामुळे हा काहीतरी 'घेतो', अशी कुजबूज त्याच्यामागे कायम असायची.

उलगडा झाला तो १९९३ साली. शास्त्रज्ञांनी त्याचं घराणं तपासलं, तेव्हा त्याच्यात आणि त्याच्या बऱ्याच नातेवाइकांत एका जीनमध्ये जन्मजात बदल सापडला. आम्ही पडलो इंजिनिअर, त्यामुळे आम्हाला ही गोष्ट गच्चीवरच्या टाकीसारखी दिसते. टाकी भरत आली की बॉलकॉक, म्हणजे तो तरंगता गोळा, वर येतो आणि पाणी बंद होतं. शरीरातही तसंच. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडं 'ईपीओ' नावाचा निरोप धाडतात, हाडांतला मगज तांबड्या पेशी तयार करतो, आणि पुरेशा झाल्या की काम थांबतं. मँटिरांटाच्या घराण्यात हा निरोप घेणाऱ्या यंत्रणेचं शेपूट तुटकं होतं, आणि 'आता पुरे' म्हणणारा भाग नेमका त्या शेपटात! साहजिकच टाकी काठोकाठ. प्राणवायू वाहून नेण्याची ताकद इतरांपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत जास्त.

आता प्रश्न असा, की जे त्याला जन्मानं मिळालं ते दुसऱ्याला सुईनं देता येईल का? तत्त्वतः येईल. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर हवा तो जीन बसवायचा आणि स्नायूत टोचायचा. १९९८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ली स्वीनी यांनी उंदरांवर असाच प्रयोग केला. स्नायू वाढवणारा जीन दिल्यावर तरुण उंदीर दणकट झाले आणि म्हाताऱ्या उंदरांची गेलेली ताकद टिकून राहिली. हेतू चांगला होता. म्हातारपणी झिजणारे स्नायू वाचावेत, स्नायूंच्या दुखण्यानं खुर्चीला खिळलेली पोरं उभी राहावीत. पण बातमी छापून आल्यावर स्वीनींना फोन येऊ लागले ते खेळाडूंचे आणि कोचांचे. त्यातला एक हायस्कूलच्या फुटबॉल टीमचा कोच होता. त्याला म्हणे अख्ख्या टीमला ते टोचून हवं होतं! पोरं शाळकरी आहेत, औषध अजून उंदरांवरच आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं म्हणजे 'वाडा'नं २००३ सालापासून या प्रकारावर बंदी घातली. भीती पोकळ नव्हती. रक्तक्षयावर 'रिपॉक्सिजेन' नावाचं जीनचं औषध तयार होत होतं. ते बाजारात कधी आलंच नाही, पण एक जर्मन कोच ते मिळवायच्या खटपटीत होता, असं २००६ साली कोर्टात वाचलेल्या त्याच्या ईमेलवरून उघड झालं.

आमचा आक्षेप मात्र आधी इंजिनिअरचा आहे, मग नीतीचा. गोळी घेणं थांबवता येतं, इंजेक्शनचा असर काही दिवसांनी उतरतो. स्नायूत एकदा बसलेला जीन मात्र परत काढता येत नाही. पाणी चालू केलं, आणि बॉलकॉकच नाही! २००४ साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ईपीओचा जीन दिल्यावर आधी रक्तपेशी भराभर वाढल्या. पुढे काही माकडांच्या शरीरानं बाहेरच्या ईपीओबरोबर स्वतःच्या ईपीओलाही शत्रू ठरवलं आणि त्यांना तीव्र रक्तक्षय झाला. वाढवायला गेले ते रक्त, आणि होतं तेही गेलं. माणसांचं म्हणाल, तर १९९९ साली फिलाडेल्फियात जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा मुलगा यकृताच्या आनुवंशिक विकारावरच्या प्रयोगात सामील झाला आणि इंजेक्शननंतर चार दिवसांत गेला. तिथे तर डॉक्टर होते, हॉस्पिटल होतं, नियम होते. चोरून टोचणाऱ्या कोचाकडे यातलं काय असणार?

गेल्या गणेशोत्सवात, हातात महाप्रसादाचं ताट धरून आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो, समजा उद्या हे सगळं सेफ झालं, तर हरकत काय? मँटिरांटाला देवानं दिलं, आपल्या पोराला डॉक्टर देईल!" आमची सौ. शेजारीच होती. ती म्हणाली, "मग पदक कुणाच्या गळ्यात घालायचं भाऊजी, डॉक्टरच्या?"

हशा झाला खरा, पण स्नेह्यांचा मुद्दा हशावारी नेण्यासारखा नाही. देवानं दिलं म्हणावं, तर तेच तुटकं शेपूट घेऊन जन्मलेले मँटिरांटाचे बहुतेक नातेवाईक ऑलिंपिकच्या वाटेलाही गेले नाहीत. जीन वारशानं मिळाला, तरी बर्फात घाम त्याचा त्यालाच गाळावा लागला. आणि सगळ्यांनीच टोचून घेतलं, तर कुणीच पुढे जाणार नाही. धोका तेवढा सगळ्यांच्या वाट्याला येईल.

आपल्या लहानपणी आईवडील म्हणायचे, "खेळून काय पोट भरणार आहे?" आता आपणच मुलांना शनिवारी पहाटे उठवून सॉकरला नेतो, प्रायव्हेट कोच लावतो, कॉलेजच्या ॲडमिशनचा हिशोब मनात धरतो. त्यात वाईट काही नाही. पण या हौसेवर दुकान मांडणारेही आहेत. २००८ साली कोलोराडोतल्या बोल्डरमधल्या एका कंपनीनं १४९ डॉलरला गालातली लाळ तपासून मूल कुठल्या खेळाला योग्य ते सांगायला सुरुवात केली. गुणी खेळाडू हेरायला अशा तपासण्यांचा काहीही उपयोग नाही, असं जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन २०१५ साली जाहीर केलं. आज लाळ, उद्या सुई!

याचा अर्थ जीन म्हटलं की घाबरायचं, असा मुळीच नाही. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलनं किती घरं पिडली आहेत! त्याच आजारावर रोग्याच्या स्वतःच्या पेशींतला जीन बदलण्याच्या उपचाराला २०२३ साली ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. ते औषध नंदुरबारच्या पोरापर्यंत कसं पोचेल, याची विवंचना आधी करायला हवी. दुखणं पत्करलेल्या माणसानं धोका पत्करणं समजू शकतं. धडधाकट पोराच्या अंगात, त्याला कळण्याआधी, कायमचं काही घालायचा अधिकार आईबापांनाही नाही, असं आम्हाला वाटतं.

तेव्हा मंडळी, उद्या कुणी कोच, जिम किंवा क्लिनिक 'जेनेटिक' म्हणून काही विकायला आलं, तर तीन प्रश्न विचारा. हे किती दिवस टिकतं? बंद कसं करायचं? बिघडलं तर जबाबदार कोण? घरात साधा गीझर घेताना आपण एवढं विचारतोच. पोराच्या बाबतीत त्याहून कमी विचारू नये.