स्टायलस पेन बंद पडलं? फेकण्याआधी थांबा!



उन्हाळी सुट्टी संपून १५ जूनच्या सुमारास शाळा उघडली, की टॅबलेट सुरू होतो. पण त्याचं पेन काही चालत नाही. "बॅटरी गेली, नवीन घ्या," असं लगेच कुणीतरी सांगतं. मागच्या वर्षी कडावला मीही पदरचे पैसे घालून नवीन पेन आणलं. नंतर कळलं, बिघाड केबलमध्ये होता!

म्हणून आधी एवढं करून बघा :

१. चार्जिंगच्या खाचेतली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा.
२. केबल बदलून तासभर चार्जिंगला ठेवा.
३. पेन ब्लूटूथवर चालत असेल तर जुनी जोडणी काढून पुन्हा जोडा.
४. टोक सैल झालंय का, झिजलंय का ते पाहा.

पेन फुगलं असेल किंवा फार तापत असेल, तर मात्र चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या.

पेनातली लिथियम-आयन बॅटरी अगदी लहान असते. न वापरताही ती हळूहळू उतरते. बराच काळ पूर्ण रिकामी राहिली, तर पुन्हा चार्ज घेईलच असं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : सुट्टीआधी पेन निम्मं चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवायचं आणि अधूनमधून तपासायचं. हे काम मुलांनाच द्या. पाटी-पेन्सिल जपायला आपणही असेच शिकलो ना? वस्तू बिघडली की आधी कारण शोधायचं, ही सवय त्यांना आत्ताच लागू दे.